मागच्या दाराने गेलेले हातमोजे

ॲम्ब्रोझ यांडल इंग्लंडातल्या योव्हिल गावात हातमोजे कापायचा. बापाचा धंदा तोच, आजाचाही तोच, आणि त्यांच्या गल्लीत कमावलेल्या कातड्याचा वास कुणाला येतच नसे, इतका तो अंगवळणी पडलेला. एकविसाव्या वर्षापर्यंत पोरगा सरळ होता. मग त्या जानेवारीत बँकवाल्या हार्टनॉलसाहेबांची मुलगी लव्हिनिया दुकानात माप द्यायला आली. त्याने तिच्या हाताभोवती फीत धरली, तेव्हा ती सहज म्हणाली की हे हात कामगाराचे वाटतच नाहीत. संपलं. बाई फीत सुटायच्या आधी ते विसरली असेल, पण आमच्या पठ्ठ्याच्या डोक्यात त्याच दिवशी वारं शिरलं.

मग काय विचारता! त्याने कुणाचीतरी उतरलेली उंच टोपी मिळवली. बोलण्यातले गावठी हेल घासून काढले. खुर्चीलाच बाई समजून तिला हात देऊन, 'चलावं' असं म्हणत खोलीत फेऱ्या मारायला लागला. बाप जोब दारातून हे सगळं बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "त्या खुर्चीचा होकार आला का रे?"

तिकडची जुनी रीत अशी, की व्हॅलेंटाइनच्या दिवशी मुलाने मुलीला हातमोजे पाठवायचे, नाव न लिहिता. ईस्टरच्या रविवारी ती ते घालून चर्चमध्ये आली, की होकार. ॲम्ब्रोझने शेळीच्या करडाचं सगळ्यांत मऊ, पांढरं कातडं निवडलं आणि लव्हिनियाच्या मापाने कापलं. शिवण खरं तर बायकांचं काम, पण ही जोडी त्याने दुसऱ्या कुणाला शिवू दिली नाही. बोटांची चाळण झाली तरी टाके मुंगीच्या पावलांएवढे घातले.

चौदा फेब्रुवारीला डबी काखोटीला मारून तो हार्टनॉलांच्या पुढच्या दारापाशी गेला. पितळी कडी चकचकत होती. हात वर गेला, तसाच खाली आला. आणि पाय, ज्यांना आठव्या वर्षापासून माल पोचवताना त्या घराची एकच वाट ठाऊक होती, ते आपोआप वळून स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले. डबी आचारीणबाईच्या हातात कोंबून तो पळत सुटला. वरच्या मजल्यावर कुणाला द्यायची, हे सांगायचं राहिलंच. त्याला वाटलं, त्यात सांगायचं काय? माप बोलेल.

पुढचे आठवडे तो हवेतच होता. दोन कातडी वाकडी कापली, बापाच्या शिव्या खाल्ल्या आणि शिव्या खातानाही हसत राहिला.

ईस्टरची सकाळ लख्ख उजाडली. ॲम्ब्रोझ घंटा वाजायच्या कितीतरी आधी चर्चच्या फाटकाशी उभा. हार्टनॉलांची बग्गी थांबली. आधी साहेब उतरले, मग बाईसाहेब, मग लव्हिनिया. तिचे हात फरच्या उबदार गुंडाळीत लपलेले होते. आत्ता काढेल, आत्ता काढेल! तिने काढले. हातमोजे राखाडी होते, परगावचे.

तेवढ्यात बग्गीच्या मागून पायी आलेल्या नोकरमंडळींतून टॅमसिन व्होक्स पुढे आली. ही त्यांच्याकडची भांडी घासणारी पोर, ॲम्ब्रोझच्याच वयाची. चेहरा नुसता उजळला होता. तिने दोन्ही हात पुढे धरले. त्याचे पांढरे हातमोजे तिच्या रुंद हातांवर ताणून बसले होते आणि अंगठ्याची शिवण उसवली होती. फाटकापाशी कुजबुज झाली, कुणीतरी शिट्टीही मारली. यांडलच्या पोराचं जमलं म्हणायचं!

लव्हिनिया जाता जाता थांबली आणि मनापासून हसली. "शाब्बास, यांडल. डबी आली तेव्हा मीच हिला म्हटलं, अगं, तुझ्याशिवाय कुणाला पाठवणार तो?"

ती आत गेली. ॲम्ब्रोझची नजर तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. टॅमसिनने ती नजर पाहिली. वेड्याबागड्या आशेला लागलेली असली, तरी पोर आंधळी नव्हती.

"आठव्या वर्षापासून हात मोजतोयस तू," ती हळू म्हणाली. "तुझं माप चुकलं कसं, हेच कळत नव्हतं मला. म्हटलं, माझा हात नाजूक वाटला असेल तुला."

खोटं बोलावं तर तिने त्याला पुरतं ओळखलं होतं. खरं बोलावं तर सारा गाव कान देऊन उभा होता.

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "फक्त आत जाईपर्यंत माझ्या बाजूने चाल. सगळे बघतायत रे. मोडलं म्हणून मीच सांगेन, पुढच्या आठवड्यात."

त्याने हात दिला. अगदी डौलात दिला, सरावाचा होता ना! चर्चमधल्या वाटेवरून दोघं निघाले तेव्हा बायांनी माना वळवल्या, जोब यांडलने डोळे पुसले, आणि इतकी देखणी जोडी गावात कितीतरी वर्षांत आली नव्हती असं पुढे बरेच दिवस लोक म्हणत होते.

मागच्या बाकावर दोघांत एकच प्रार्थनेचं पुस्तक होतं. ॲम्ब्रोझ मोठ्याने गात होता आणि त्याचे डोळे पहिल्या बाकावर लव्हिनियाच्या निळ्या झग्याच्या पाठीवर खिळले होते. पुस्तकाकडे त्याचं लक्षच नव्हतं. पानं टॅमसिन उलटत होती, त्याचं कडवं चुकू नये म्हणून.