निळा कागद

माझे यजमान शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नाही. फक्त वर्गात मी एकटीच उरले. आधी त्यांना साखर निघाली, मग ब्लडप्रेशर, मग एकदा छातीत दुखलं. डॉक्टरांनी सांगितलं, तेल-मीठ कमी करा, भाज्या-फळं वाढवा, चाला. एवढ्या साध्या सांगण्यानं मास्तरांचं समाधान होईना.

मुलीने दिलेल्या मोबाइलवर त्यांनी शोधून काढलं की मटण, अंडी, पोळ्या, डाळी फार झाल्या आणि भाज्या-फळं कमी पडली की शरीरात आम्ल वाढतं, आणि त्याचा ताण हृदयावर, साखरेवर येतो. लिंबू जिभेला आंबट असलं तरी पोटात गेल्यावर उलट काम करतं, हे त्यांनी मला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा मी पोळ्या लाटत होते.

मग त्यांनी लिटमस कागद आणले. रोज सकाळी निळी पट्टी घेऊन न्हाणीघरात जायचं, लघवीत बुडवायची आणि खिडकीशी उजेडात धरायची. पट्टी लाल झाली की चूक स्वयंपाकघराची. काल डाळ जास्त झाली, भाजी कमी झाली, बहादरपूरहून नणंदेने पाठवलेले पापड मी भाजायलाच नको होते. गिलकी, दुधी, पालक, मेथी मी आलटून पालटून करत राहिले. भाज्या निवडून बोटं काळी पडली, पट्टी लालच. पहिला चहा घेण्याआधी रोज नापास व्हायचं. मला त्या कागदाचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही.

एका सकाळी पट्टी निळीच राहिली. ते खिडकीशी उभे राहून लहान मुलासारखे हसले. म्हणाले, "बघ, तुझ्या पालकाची कमाल आहे." दुसऱ्या दिवशीही निळी, तिसऱ्या दिवशीही. पुढे दोन महिने आमच्या घरात सकाळी कोणी कोणाला बोल लावला नाही. मी पाय पसरून चहा प्यायले.

आमच्याकडे भजी बंद होऊन वर्ष होत आलं होतं. तरी फडताळातला खायच्या सोड्याचा डबा रिकामा होत होता. मोरीच्या कट्ट्यावर एक ओला चमचा असायचा, कडेला पांढरं लागलेला. वाण्याकडून नवी पुडी आणून तो डबा दोनदा मीच भरला.

मग त्यांचे पाय सुजले. चप्पल चढेना, दोन पायऱ्यांत धाप लागू लागली. दवाखान्यात भरती केलं तेव्हा ब्लडप्रेशर फार वाढलेलं होतं. डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा यजमान खाली मान घालून म्हणाले की सकाळ-संध्याकाळ पाण्यातून सोडा घेत होतो. जन्मभर प्रयोगवहीत खोटी उत्तरं लिहिणारी पोरं पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्याच प्रयोगात कॉपी केली होती.

डॉक्टर चिडले नाहीत. रक्त असं आंबट होत नसतं, म्हणाले. ते सांभाळायला फुप्फुसं आहेत, मूत्रपिंडं आहेत. कागद फक्त लघवीचं सांगतो. भाज्या-फळांचा फायदा खरा आहे, पण तो खाऊनच मिळतो. सोड्यातही मिठासारखंच सोडियम असतं. त्याने अंगात पाणी धरलं आणि आधीच थकलेल्या हृदयावर भार आला. थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "भाभी, तुमच्या काहीच ध्यानात नाही आलं?"

मी तोंड उघडण्याआधी पलंगावरून यजमानच बोलले. "तिला काही मालूम नव्हतं, डॉक्टरसाहेब. मी छुपवून घेत होतो."

मी त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिले.

आता ते घरी आहेत. कागद संपले, नवे आणले नाहीत. जेवण झालं की भाजीची वाटी तिरकी करून मला दाखवतात, पूर्ण संपवली म्हणून. मी मान हलवते. सोड्याचा डबा धुऊन पालथा घातला आहे. मला माहीत होतं, आणि सकाळचा चहा शांतपणे प्यायला मिळावा म्हणून मी बोलले नाही, हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.