फालक्याआड

आमचे हे नोकरीतून रिटायर झाले अन् घरात बसतील तर शपथ! जुनी पिकअप घेतली अन् तिच्या मागच्या भागात पत्र्याची खोली बसवून घेतली. पलंग, शेगडी, छोटा पंखा, खिडकीले लोखंडी जाळी. चार महिने दोघांनी देश हिंडायचा, असं परस्पर ठरवलं अन् साऱ्या पांढुर्ण्यात सांगूनही टाकलं. मले कोणी विचारलंच नाही. माझी जायची बिलकूल इच्छा नव्हती. पण लग्नापासून ज्या बाईनं कधी नाही म्हटलं नाही, तिनं सुरुवात तरी कुठून करावी?

वाजलं ते फालक्यावरून. फालका म्हणजे पिकअपच्या मागची ती खाली-वर होणारी पत्र्याची फळी. खोलीचं दार मागच्याच बाजूले, बाहेर उघडणारं. फालका वर असला की दार चार बोटं उघडते अन् अडते. वेल्डर म्हणाला, "काढूनच टाका ना जी." मीही तेच म्हटलं. "तुले काय समजते गाडीतलं? फालक्याबिगर गाडी भुंडी दिसते," हे म्हणाले.

बरं, खाली पाडून ठेवा म्हटलं, तर त्याचीही पंचाईत. आमच्या इकडे उभी पिकअप दिसली की माणसं विचारत बसत नाहीत, मागं चढतात. पुढच्या फाट्यापर्यंत जायचं असते, बस्स. पाडलेल्या फालक्यावर तर पाय सोडून पाच जण बसतील अन् तो वाकेल. म्हणून ह्यांनी तो वर करून कुलूपच लावलं.

पहिली फेरी सौंसरची. "तू पलंगावर पडून पाह्य, हादरे किती बसतात ते सांग," म्हणाले. मी चढली. मागून फालका खटकन लागला. माझा मोबाईल समोर, ह्यांच्याजवळ चार्जिंगले. सौंसरच्या बाजारात गाडी थांबली. "पाच मिनिटात आलो," एवढं ऐकू आलं. ह्यांची पाच मिनिटं मले माहीत आहेत. कोणी जुना सोबती भेटला की झालं कल्याण.

एप्रिलचं ऊन. गाडी बंद, पंखाही बंद. पत्रा असा तापला की हात लावता येईना. दार ढकललं, चार बोटं. खांदा लावून ढकललं, तरी चार बोटं. घशाले कोरड पडली. खरं सांगते, मी लय घाबरली.

तेवढ्यात एक भाजीवाली जाळीपाशी थांबली. "अवं बाई, आत काय करून राहिली? कोंडलं का कोणी?"

अन् मी काय म्हणावं? "नाही वं, आराम करून राहिली." वरून हसूनही दाखवलं! नवऱ्यानं बायकोले कुलपात ठेवलं, हे भर बाजारात कोणत्या तोंडानं सांगायचं? ती गेली. तिच्या पाठीकडे पाहत मी रडली. ह्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. मग पदरानं तोंड पुसलं.

पाऊण तासानं हे आले. हातात माझ्यासाठी उसाचा रस. "कसे होते हादरे?"

ह्यांनी कुलूप काढून फालका पाडला अन् मी खाली उतरली. "मी नाही येत तुमच्यासंगं. चार महिने काय, चार दिवसही नाही."

"काहून? एवढी मस्त खोली..."

"मस्त आहे ना? मग बसा आत. मी कुलूप लावते अन् पाऊण तास बाजार करून येते."

"येडी झाली काय?" हे ओरडले. "एवढ्या उन्हात त्याच्यात माणूस बसते का?"

बोलून गेले अन् मग त्यांच्या ध्यानात आलं. आजूबाजूचे पाहायले लागले. मी सरळ बसस्टँडकडे चालत सुटली. पांढुर्ण्याची बस लागलेलीच होती. हे मागून धावत खिडकीपाशी आले. "काढतो ना फालका! आत्ताच काढतो!"

कंडक्टरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दोन देऊ का?"

"एक," मी म्हटलं.