तेलाचा रिकामा कॅन घेऊन अंदमानला

शेवंतीचा शेवटचा तोडा मार्केटला गेला आणि त्याच रविवारी आमचा संदीप सणसवाडीहून भांडगावला आला, ते विमानाची तिकिटं काढूनच. कंपनीची साठलेली रजा होती. सूनबाई पूजा म्हणाली, "आबा, स्वरा साडेचार वर्षांची झाली, अजून समुद्र पाहिला नाही." मी म्हटलं, "मी बासष्टचा झालो, मी तरी कुठं पाहिलाय?" झालं, ठरलं. वावराची राखण धाकट्या भावाकडं सोपवली आणि आम्ही पाचजण अंदमानला निघालो.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून चेन्नई, तिथं एक मुक्काम, मग सकाळच्या विमानानं पोर्ट ब्लेअर. लहान पोर असेल तर हा मुक्काम कराच, एका दमात पोर वैतागतं. आमच्या मंडळींनी, म्हणजे संदीपच्या आईनं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एवढी घेतली होती, की चेन्नईच्या लॉजवर शेजारच्या खोलीलाही वाटली.

पण खरी गंमत पुणे विमानतळावरच झाली. माझी पिशवी मशीनमधून गेली आणि तिथल्या जवानानं ती बाजूला काढली. आतून निघाला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावलेला, कडीला सुती दोर बांधलेला.

"ये क्या है, चाचा?"

"स्विमिंग," मी म्हणालो.

जवान हसला, पूजा हसली, स्वरा तर टाळ्या पिटायला लागली. संदीप हसला नाही. कॅनकडं बघून त्याचा चेहरा उतरला, आणि मला त्याचं कारण माहीत होतं.

आमच्याकडं पोहायला विहिरीत शिकतात. पाठीवर कॅन बांधायचा आणि पोराला कठड्यावरून खाली टाकायचं. हातपाय मारत वर येतंच. गावातली निम्मी पोरं मी अशी शिकवली. संदीपला सातव्या वर्षी टाकलं, तेव्हा दोराची गाठ सुटली. कॅन एकीकडं, पोरगं एकीकडं. दोन गटांगळ्या खाल्ल्या, मग मी उडी मारून काढला. तेव्हापासून त्यानं विहिरीत पाय घातला नाही. आज पस्तिशीचा आहे, विहिरीतल्या मोटारीच्या फूटव्हॉल्वमध्ये कचरा अडकला तरी दुसऱ्याला उतरवतो. मला वाटायचं, लेकाचं राहिलं ते नातीत पुरं करू. म्हणून कॅन.

पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दोन तासांत नील बेटावर पोचलो. सरकारी नाव आता शहीद द्वीप आहे, पण लोक नीलच म्हणतात. बोटीची तिकिटं आधीच काढून ठेवा आणि निघण्यापूर्वी पोराला पोटभर जेवू घालू नका. आमच्या शेजारच्यांनी घातलं होतं, अधिक सांगत नाही. बेट एवढंसं, सायकलवर दुपारभरात पालथं घालाल. मोबाइलला रेंज रडतखडत, म्हणून थोडे रोख पैसे जवळ असू द्या. जेवणात भात आणि मासे, मासे न खाणाऱ्याला डाळ आणि वांग्याची भाजी. पहाटे पाचलाच उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवस मावळतो, त्यामुळं फिरायचं ते सकाळी.

माझ्यासारख्याला तर हे बेट म्हणजे माहेरच वाटलं. इकडं वांगी, तिकडं काकडीचे मांडव, बांधाला केळी आणि सुपारी. आमची मंडळी म्हणाली, "अवो, समुद्र बघायला आलाय का वांगी?"

पहिल्या सकाळी नऊ वाजता भरतपूरच्या किनाऱ्यावर गेलो. उथळ, शांत पाणी, लेकरांसाठी हाच किनारा बरा. भरती पुरी झाली होती. पाण्याचा रंग कसा, तर द्राक्षावर मोरचूद मारायला कालवतो ना, तसा निळा. स्वरा माझं बोट ओढत होती. मी पिशवीतून कॅन काढला. "ये बाय, आबा शिकवतो."

संदीप मधे येऊन उभा राहिला.

"आबा, तिला हात लावायचा न्हाई."

"आरं, गुडघाभर पाणी हाय."

"हिरीच्या टायमाला बी तुम्ही असंच म्हणला हुता."

"तवा गाठ सुटली. आन् काढला न्हाई का मी तुला?"

"काढलं. आन् कठड्यावर बसवून सगळ्यांदेखत हसला. पाणी गोड लागलं का, म्हणून इचारलं. आठवतंय का?"

खरं सांगतो, आठवत नव्हतं. मला गाठ आठवत होती, उडी आठवत होती. हसणं माझ्या लक्षातून पार गेलं होतं, आणि पोरानं अठ्ठावीस वर्षं तेवढंच धरून ठेवलं होतं. आमची मंडळी "गप बसा दोघं बी" म्हणाली. स्वरा रडायला लागली, तिला पाण्यात जायचं होतं. संदीप तिला उचलून रूमवर घेऊन गेला. दहा मिनिटांत आमची सहल विस्कटली.

मी भाड्याची सायकल काढली, कॅन हँडलला अडकवला आणि निघालो. वाटेत एका वांग्याच्या वावरापाशी थांबलो. मालक माझ्याच वयाचा, आईबाप बंगालमधून येऊन इथं वसलेले. रोपं, खत, बाजार, सगळं बोलणं झालं. दोघांचंही हिंदी बेताचं, पण वांग्याला पोखरणारी अळी तीच, त्यामुळं अडलं नाही. शेवटी मी कॅनची गोष्ट सांगितली. त्यानं कॅन हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"फेंकते काहे को हो, दादा? हम लोग तो बच्चे को रेत पे बिठाता है. आजकल सुबह-सुबह पानी दूर रहता है, धीरे-धीरे आता है. पैर तक, फिर पेट तक. डर लगा तो उठ जाएगा, और क्या."

"और तैरना?"

"वो बाद में. पहले बैठना तो सीखे."

कॅन मी त्यालाच देऊन टाकला, रोपांना पाणी घालायला. त्यानं बदल्यात चार काकड्या दिल्या.

संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सगळे मावळतीला गेलो होतो. संदीप एकटा एका ओंडक्यावर बसला होता. मी शेजारी बसलो. मुलाशी असं बोलायची आपल्याकडं सवय नसते.

"गाठ मीच ढिली मारली हुती," मी म्हणालो. "आन् हसायला नको हुतं. चुकलं माझं."

तो म्हणाला, "काकडी हाय का शिल्लक?"

आम्ही दोघांनी एक काकडी मोडून खाल्ली. मी त्या शेतकऱ्याची रीत सांगितली. त्यानं काकडीचा देठ वाळूत खोचला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बघतो तर संदीप चड्डी घालून तयार, खांद्यावर स्वरा. भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीचं पाणी अजून बरंच दूर होतं. मी विचारलं, "मी काय करू?"

"तुम्ही आईजवळ बसा."

बसलो. संदीप ओल्या वाळूत फतकल मारून बसला, मांडीत स्वरा. पाणी पावलांना लागलं तसा त्यानं पोरीला घट्ट धरलं. गुडघ्याला आलं. कमरेला आलं तेव्हा तो एकदम उठला आणि चार पावलं मागं आला. माझे हात शिवशिवत होते. मंडळींनी माझा सदरा धरून ठेवला होता. थोड्या वेळानं तो आपणहून पुन्हा जाऊन बसला. एक लाट आली आणि त्याच्या छातीवर फुटली.

स्वरा ओरडली, "पप्पा, तुझी चड्डी भिजली! आता मम्मी रागवणार!"

पूजा हसली, ही हसली, पलीकडचं पंजाबी जोडपंही कळल्यासारखं हसलं. मी टोपी काढून तोंडावर धरली.

संदीपनं मागं वळून बघितलं. भिजलेला, डोळे लाल. "हसा की, आबा," तो म्हणाला. "आता चालतंय."

मग काय, मी एवढा हसलो की मला ठसका लागला.

पुढचे दोन दिवस आम्ही रोज सातला तिथंच होतो. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघितलं, शहाळी प्यालो. समुद्रानं कोरलेल्या नैसर्गिक पुलाकडं जायचं असेल तर ओहोटीची वेळ विचारूनच जा, वाट खडकांची आहे, मजबूत चपला घाला. परतीच्या बोटीत स्वरा माझ्या मांडीवर झोपली.

घरी येऊन तीन आठवडे झाले. पिशव्यांतून अजून वाळू निघते. खर्च झाला, एक चांगली गाय आली असती एवढा, पण गायीचं नाव कुणी काढत नाही. काल संध्याकाळी संदीपचा फोन आला. कंपनीजवळ पोहण्याचा तलाव आहे, तिथं बापलेकीनं नाव घातलंय. म्हणाला, "आबा, आज तोंड पाण्यात घालून धा आकडे मोजले."

"स्वरानं?"

"मी!"

मी फोन ठेवून हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग बसलाय काय? पेढे आणा की."

चौफुल्याला मिठाईच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. अर्धा किलो बांधता बांधता म्हणाला, "आबा, कशाचं पेढं?"

"पोरगं पास झालं."

"आरं वा! कितवीला हाय?"

मी म्हटलं, "पहिलीला."