एकोणीस मिनिटांचा फोन

आमच्या आत्याचं डोकं आठवडाभर तापलेलं होतं, आणि का तापू नये? कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेता घेता तिची अकरा वर्षं गेली. समोरचा कितीही आगपाखड करत येवो, फोन ठेवताना "बरं झालं ताई, तुम्ही भेटलात" म्हणणारच.

मग नवे साहेब आले आणि भिंतीवर फळा आला. आठवड्याची सरासरी फोनमागे चार मिनिटांच्या आत असेल तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. सलग तीन लाल झाले की सोमवारपासून गोदामात बदली, खोक्यांना चिकटपट्टी लावायला. आत्याचे दोन झाले होते. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत, लोकांचं बोलणं अर्ध्यावर तोडून तोडून, ती केसभर आत होती. स्वतःचीच किळस येत होती तिला.

शेजारच्या टेबलवालीचं मात्र बरं चाललं होतं. तीन मिनिटं पन्नास सेकंद झाले की नाकातून सूर यायचा, "आपली अडचण नोंदवलीय हंऽऽ, दिवस छान जावोऽऽ!" आणि खट्!

साडेचारला एका आजींचा फोन आला. "पोरी, तूपण खट् करणार असशील तर आत्ताच कर बाई. मशीनमध्ये पाणी तुंबलंय, दार उघडत नाही, यांचे सगळे सदरे आत आणि हे सकाळपासून बनियनवर बसलेत!"

आत्याने पडद्यावर पाहिलं. आजींचे सकाळपासून सहा फोन. सहाही चार मिनिटांच्या आत, आणि सहाही फोनांपुढे एकच शेरा: 'तक्रार सुटली'.

तिच्या कानशिलात सणक गेली.

"आजी, आधी प्लग काढा. आता समोर खाली एक छोटं झाकण दिसतंय? त्यामागे बारीक नळी आहे. खाली परात ठेवा."

"थांब, गुडघा वाकू दे माझा."

"वाकू द्या. मी आहे इथेच."

साहेब पाठीमागे येऊन घड्याळावर पेन वाजवू लागले. आत्याने मान वळवली नाही. तीन पराती पाणी निघालं, जाळीतून एक मोजा निघाला, आणि एकोणिसाव्या मिनिटाला दार उघडलं. पलीकडून आजोबा ओरडले, "सुटलो एकदाचा!"

"मी काऽऽय म्हणतो मॅडम," साहेब म्हणाले, "मशीन दुरुस्त करत होतात की दत्तक घेत होतात?"

"सहा हिरव्या फोनांत त्यांचं दार उघडलं नाही, साहेब. माझ्या एका फोनात उघडलं. हे फळ्यावर कुठे लिहायचं?"

"भावना समजतात हो. पण वर आकडा जातो, दार जात नाही."

त्यांनी तिच्या नावापुढे लाल ठिपका चिकटवला. शेजारीण नखं बघत बसली.

"चिकटवा," आत्या उभी राहून म्हणाली, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "आणि न सुटलेल्या तक्रारीवर 'सुटली' कोणी कोणी लिहिलं, तेही चिकटवा शेजारी. हिंमत असेल तर!"

तिच्या फोनचा दिवा लुकलुकला. ती बसली, आवाज खाली आणला.

"बोला. पहिल्यापासून सांगा, सावकाश. सोमवारपर्यंत मला काही घाई नाही."