शेजारणीचं दुखणं

सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत लहानपणी सुंता झालेल्या बायकांवर उपचार होतात. तिथे आजवर एकही बाई स्वतःसाठी आलेली नाही. सगळ्या शेजारणीसाठी येतात. शेजारणीला लघवीला आग होते, नवरा जवळ आला की शेजारणीला घाम फुटतो. तिथल्या आयाबाई कुणाला खोटं पाडत नाहीत. “शेजारणीला आत येऊन पडू दे,” म्हणतात आणि पडदा ओढतात. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं काम फक्त पडदे धुण्याचं होतं. त्यांची स्वतःची शेजारीण त्याच वर्षी तिथे बरी झाली.

परवा त्यांची आत्या आली. आयाबाई सात वर्षांच्या असताना “चल, नव्या चपला घेऊ” म्हणून त्यांना कापणारीकडे नेणारी ती हीच. येताना चपला घेतल्याही होत्या. आत्या शब्दाची पक्की.

“शेजारणीचं काम आहे,” आत्या म्हणाली. “तिची नात सातची झाली. घरात शेजारीणच थोरली, म्हणजे न्यायचं तिनंच. मन होत नाही गं तिचं. पण नाही म्हटलं तर तिची जाऊ म्हणेल, म्हातारीला चळ लागला. ते कायद्याचं खरं आहे का?”

“खरं आहे. कापणारीला तुरुंग, नेणारीलाही.”

आत्याचा चेहरा उजळला. तुरुंगाच्या नावानं एवढं खुललेलं माणूस आयाबाईंनी पाहिलं नव्हतं.

“मग एक कर. गुडघ्याच्या औषधाला म्हणून आलेय, जाऊ बाहेर बाकावर बसलीय. तिच्यादेखत मला फैलावर घे. ओळख दाखवू नकोस.”

आयाबाईंनी गणवेश नीट केला आणि आत्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

“काय हो आजी, लाज नाही वाटत? लेकरू विश्वासानं हात धरतं तुमचा! नातीची सुंता केलीत तर आधी तुम्ही आत, आणि मागोमाग या बाकावरच्या बाई!”

काम एवढ्यावरच झालं होतं. आयाबाई थांबल्या नाहीत. बोलता बोलता चपलांचाही विषय निघाला, तो जावेला काही कळला नाही. आत्या मान खाली घालून ऐकत होती. एकदाही “पुरे” म्हणाली नाही.

जाऊ पिशवी उचलून उठली. “आपल्याला नकोत बाई कोर्टकचेऱ्या. राहू दे पोरीला आहे तशी. मी गाडी बघते.”

आत्या मात्र जागची हलली नाही.

“आता काय राहिलं?” आयाबाईंनी विचारलं.

“शेजारणीला खाली फार दुखतं गं. लग्नाच्या आधीपासून.”

आयाबाईंनी पडदा धरला.

“ये. चपला बाहेर काढ.”