शेततळ्यातले अध्यक्ष

आमच्या जालना जिल्ह्यात कयाकची जिल्हा संघटना आहे. अध्यक्ष मी, सचिव मी आणि खजिनदारही मीच. (बैठकीत सहसा मतभेद होत नाहीत. झालेच तर मी चहा टाकतो.) कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी; आत पाय पसरून बसायचं आणि दोन्ही अंगांना आळीपाळीनं वल्हं मारायचं. ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की टँकरची वाट बघतात, तिथं होडीची संघटना कशाला, असं वाटूर फाट्यावर मला प्रत्येकाचं विचारून झालंय. मी सगळ्यांना 'खेळाचा प्रसार' असं सांगतो. खरं कारण वेगळं होतं. मला माझ्या पोरीला घरी बोलवायचं होतं. बाकीचे बाप अशा वेळी आजारी पडतात. मी जिल्हा संघटना काढली.

पोरगी म्हणजे वैशू. वडीगोद्रीकडच्या मावशीकडे राहून ती गोदावरीत पोहायला शिकली, तिथून कुणाच्या तरी नजरेत भरली आणि कयाक खेळायला थेट भोपाळला गेली. आता तिथंच खेळते आणि लहान मुलांना शिकवते. मी शाळेत खेळाचा मास्तर होतो. जन्मभर खो-खोची शिट्टी वाजवली आणि निवृत्त झालो. त्याच्या पुढच्याच वर्षी हिची आई गेली. घरात मी आणि कुकर उरलो. त्यातला कुकरच तेवढा शिट्टी वाजवायचा. दर रविवारी वैशूचा फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो." "तब्येत?" "बराबर." तिसरा प्रश्न दोघांनाही सुचत नसे. फोन ठेवला की पुढचा रविवार किती लांब आहे, ते मला फार जाणवायचं.

एका रविवारी तिसरा विषय म्हणून तीच बोलून गेली. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेला जिल्ह्याजिल्ह्यांत क्लब हवे होते. ज्या जिल्ह्यात तीन शाळांची मुलं आणि एक पाणी असेल, तिथं पाहणीला निरीक्षक पाठवणार होते, आणि ती स्वतः मराठवाड्याची निरीक्षक होती. मी फोन ठेवला आणि त्याच दुपारी लेटरहेड छापायला टाकलं.

पाणी रशीदभाईंचं. फाट्यावर त्यांचं सायकलचं दुकान आहे आणि मागं मोसंबीच्या बागेत शेततळं. शेततळं म्हणजे जमिनीत खणलेला मोठा चौकोनी खड्डा, आत प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला, उतरत्या भिंती, वर काठोकाठ पाणी. वैशूनं पूर्वी सुट्टीत आणलेली जुनी कयाक माझ्या माळ्यावर होती. रशीदभाईंनी ती दोनदा उलटीसुलटी करून पाहिली. "मास्तर, पानी माझं है, पर जान तुमची है," ते म्हणाले. "पैले शिकून घ्या ना." अध्यक्षानं शिकायचं नसतं, नुसतं उद्घाटन करायचं असतं, असं मी त्यांना समजावलं.

मग तीन शाळांना पत्रं गेली, आणि तिथं माझ्या शुद्ध शासकीय मराठीनं घात केला. 'वल्हं' हा शब्द मला जावक क्रमांकाशेजारी फार गावठी वाटला. राष्ट्रीय संघटनेच्या परिपत्रकात 'पॅडल' होतं, तेच मी उचललं. 'आपल्या शाळेतील पॅडल मारण्यात तरबेज असे दहा विद्यार्थी पाठवावेत.' आता आमच्याकडे पॅडल फक्त सायकलला असतं, हे सायकलच्या दुकानात रोज दोन तास बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला कळायला हरकत नव्हती!

पाहणीच्या दिवशी सकाळी तीस मुलं आली. तीस सायकलीही आल्या. शिक्षकांनी आपापली तयारी अभिमानानं दाखवली. एका शाळेनं तर हँडलला फुगे बांधले होते. मी डोक्याला हात लावला. रशीदभाईंनी बिलकुल वेळ न घालवता हवेचा पंप काढला. दहा मिनिटांत मुलं शेततळ्याच्या बांधावरून गोल गोल चकरा मारायला लागली आणि जिल्ह्यातली पहिली कयाक स्पर्धा कोरड्यावर सुरू झाली.

निरीक्षक यायला अर्धा तास होता. निदान एक तरी माणूस पाण्यात दिसला पाहिजे, नाहीतर वैशू गाडीतूनच परत फिरेल, ही भीती माझ्या मनात बसली. चार वर्षांत ती दोनदा घरी आली होती, त्यात एकदा आईच्या दहाव्याला. मी पँट दुमडली आणि कयाकमध्ये बसलो. बसलो, असं म्हणायचं एवढंच. कयाकनं मला ओळख दिली नाही. ती डावीकडे कलली, मी उजवीकडे कललो, मग आम्ही दोघंही एकाच बाजूला कललो.

पोहता मला येतं. विहिरीत शिकलोय. पण विहिरीला पायऱ्या असतात. शेततळ्याच्या कागदावर शेवाळ असतं. दोन हात वर चढलो की तीन हात खाली! बांधावरची मुलं सायकली थांबवून मोजायला लागली. सहाव्या खेपेला टाळ्या पडल्या. अशा वेळेसाठी प्रत्येक शेततळ्यात एक दोर सोडलेला असतो, तो धरून वर यायचं. तसा तो इथंही होता. सकाळी मीच तो सोडून 'राष्ट्रीय निरीक्षकांचे हार्दिक स्वागत' हा फलक दोन मोसंबींच्या मधे बांधला होता.

"मास्तर, फलक सोडू का?" रशीदभाईंनी वरून विचारलं.

"राहू द्या. पाहुणे यायचेत," मी गटांगळी खाऊन म्हणालो.

पाहुणे आलेच होते. राष्ट्रीय संघटनेचं निळं जाकीट घातलेली वैशू बांधावर उभी होती, हातात पाहणीचा फॉर्म. तिनं तीस सायकली पाहिल्या, उलटी कयाक पाहिली, मग मला पाहिलं. तिनं स्वतःच्या स्वागताचा फलक खाली ओढला, दोर सोडवला आणि माझ्याकडे फेकला. ती आणि रशीदभाई, दोघांनी मिळून मला वर काढलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझा हात एवढा घट्ट धरला होता. मी वर आल्यावरही तिनं तो थोडा वेळ सोडला नाही.

तिची गाडी संध्याकाळच्या आत पुढच्या जिल्ह्यात पोचायची होती. घरी तिला अर्धा तासच मिळाला. मी पहाटे उठून धपाटे करून ठेवले होते; दोन तिनं उभ्यानंच खाल्ले. मग टॉवेल घेऊन माझं डोकं पुसायला लागली, तिची आई तिचं पुसायची तसं, जरा जास्तच जोरात.

"अप्पा, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"खेळाचा प्रसार."

तिचा हात थांबला. "मला बोलवायचं व्हतं तर नुसतं 'ये' म्हनायचं ना. मी आले असते."

"म्हटलं, तू कामात असशील," मी म्हणालो. टॉवेल तोंडावर होता, ते बरं झालं.

जाताना तिनं फॉर्म माझ्यासमोरच भरला. पोरगी प्रामाणिक आहे. तिला तसं मीच वाढवलं, आता भोगतोय. पाणी: आहे. प्रशिक्षित खेळाडू: नाहीत. सायकली: पुरेशा. मान्यता: देऊ नये. सही केली, पाया पडली आणि गेली. फाट्यापर्यंत गाडी दिसत होती, तोवर मी दारात उभा होतो. आत आलो तर ताटात चार धपाटे उरलेले. ते बघून मला रडू आलं, हे इथं सांगायला हरकत नाही. रशीदभाई हे वाचत नाहीत.

पुढच्या रविवारी फोनवर पुन्हा "जेवलात का?" आणि "बराबर" झालं. 'ये' माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच बसलं. इतक्या वर्षांत शिट्टीशिवाय मी कुणाला बोलावलेलं नाही. एकदम जमणार कसं? फोन ठेवला, शिल्लक राहिलेल्या लेटरहेडचा गठ्ठा काढला, जावक क्रमांक टाकला, विषयाच्या जागी 'घरी येणेबाबत' लिहिलं आणि खाली मजकुरात एकच शब्द: ये. सही केली, गोल शिक्का मारला, खाली 'प्रत माहितीसाठी: रशीदभाई' असं लिहिलं आणि सगळ्याचा फोटो काढून तिला पाठवला.

तिचं उत्तर लगेच आलं. 'अर्ज मिळाला. दिवाळीच्या सुट्टीसाठी विचाराधीन.' खाली एक हसणारा चेहरा.

दिवाळी अजून लांब आहे. तोवर आमच्या जिल्हा संघटनेचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार रोज संध्याकाळी एकाच ताटात जेवतात.