मानाचं घर तळाला

पुण्यातली नोकरी सोडून मी रत्नागिरीला, खाडीकाठच्या आमच्या वाडीत परत आले, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "शिमग्यापर्यंत काय ते करून बघ. नाय जमलं तर मामा सांगतो ती नोकरी धर." मामांनी पुण्यात माझ्यासाठी जागा बघूनच ठेवली होती. मला मात्र पुन्हा तिकडे जायचंच नव्हतं.

मी एक अ‍ॅप बनवत होते, एकटीच. बाबा जन्मभर लोकांच्या बोटींवर तांडेल. बोट चालवायची त्यांनी, मालक दुसराच. त्यांना मी सांगितलं, हे सोशल मीडियासारखंच आहे, पण एका कंपनीच्या मालकीचं नाही. कुणी गावाने, कुणी मंडळाने आपापला सर्व्हर ठेवायचा आणि ते सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. लोकांना ते फोनवर नीट दिसावं, एवढं माझं काम.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे बोट दुसऱ्याची, दर्या कुणाचाच नाय. मंग तू इकतेस काय?"

मी चिडले आणि जेवले नाही. ते मात्र पोटभर जेवले.

अ‍ॅप वापरणारे मूठभर होते आणि त्यातले निम्मे माझ्यासारखेच अ‍ॅप बनवणारे. न्हाव्यांनी एकमेकांच्याच दाढ्या कराव्यात तसा सगळा प्रकार. शिमगा तोंडावर आला तशी मी वाडीच्या मुंबईतल्या मंडळाला गळ घातली. त्यांनी सर्व्हर ठेवला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या घरी जाईल त्या घराने फोटो टाकायचा असं ठरलं. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांना निदान आपल्या अंगणातली पालखी तरी दिसली असती.

फोटो येऊ लागले, खाली मुंबईकरांचे नमस्कार पडू लागले. मी हवेत. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतले मानकरी काका आमच्या पडवीत येऊन उभे राहिले, पायातली चप्पलही न काढता.

"तुझ्या पोरीनं माझं घर तळाला टाकलंन," ते बाबांना म्हणाले. "मुंबैस्न पोरगा फोन करून इचारतोय, आपला मान गेला काय?"

आमच्याकडे पालखी घरोघर फिरते ती मानाने. पहिलं घर मानकऱ्यांचं, मग ठरलेला क्रम, तोही आजे-पणजांपासूनचा. माझ्या अ‍ॅपमध्ये नवा फोटो वर येत होता आणि जुना खाली सरकत होता. त्यामुळे सगळ्यांत शेवटचं घर डोक्यावर आणि मानाचं घर पार तळाला.

"काका, नवीन ते वर असंच असतं," मी म्हटलं. "सगळ्या जगात."

"सगळ्या जगात शिमगा हाय काय?"

आता मला पुण्याला धाडायची बाबांना आयतीच संधी होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ते उठले आणि मानकऱ्यांसाठी खुर्ची पुढे ओढली.

"दादा, बसा. कुठल्या कंपनीला फोन लावायचा नाय. बनवणारी हितंच बसलीय. च्या होईपर्यंत बदलून देल." मग बोटीवर खलाशाला सांगावं तशा आवाजात मला म्हणाले, "घे गो करायला."

बनवणारी. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. मी लॅपटॉप उघडला. अ‍ॅप ब्राउझरमध्येच चालणारं होतं, त्यामुळे बदल लगेच सगळीकडे पोचणार होता. 'पहिल्यापासून' असं एक बटण मी घातलं. ते दाबलं की पहिला फोटो वर, मग दुसरा, मग तिसरा. मानकऱ्यांनी स्वतः ते दाबून पाहिलं. वर त्यांचंच दार, तोरणासकट. त्यांनी मुंबईला फोन लावला, मुलाला चार शब्द सुनावले, मग चप्पल काढून चहा घेतला.

ते बटण पुढे दुसऱ्या सर्व्हरांवरच्या परक्या लोकांनीही उचललं. कुठल्याशा थंड देशातल्या बाईने लिहिलं की, एकाचं प्रवासवर्णन ती आता सुरुवातीपासून वाचू शकते. मी ते बाबांना वाचून दाखवलं. "त्यांच्यात पण मान असणार," ते म्हणाले.

पालखी देवळात परत गेली आणि लगेच मामांचा फोन आला. मी चुलीपाशी कोळंबी सोलत होते. बाबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"शिमगा झाला, भावोजी. कधी पाठवता तिला?"

माझे हात थांबले. वाडीत परतल्यापासून मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

"तिला सवड नाय," बाबा म्हणाले. "पलीकडच्या गावाची पालखी पण त्यात आणायची हाय."

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, शिमग्यापर्यंत?"

"बोल्लो होतो," बाबा म्हणाले. "पण कुठल्या शिमग्यापर्यंत, ते कुठं बोल्लो होतो?"